फरशी जुळली, पण भूमिती कळली का?

मोझॅकमधून भूमिती शिकवण्याची कल्पना आम्हाला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून आम्हाला फळा-खडूचे कैवारी ठरवाल.

अशा वर्गांत साधारण काय होतं? ग्रॅनाडाच्या अल्हंब्रा महालातल्या भिंती पडद्यावर दाखवतात, चित्रकार एशर 1922 साली आणि पुन्हा 1936 साली तिथे गेला होता हे सांगतात, आणि मुलं रंगीत तुकडे चिकटवायला बसतात. त्रिकोण, चौरस, षट्कोन जुळतात. सुसम पंचकोन जुळत नाही. तीन मांडले की 324 अंश होतात, 36 अंशांची फट उरते. फट दिसली, तास संपला.

आमची तक्रार इथेच आहे. मोझॅकमध्ये बारीकशी चूक सांध्यातलं सिमेंट गिळून टाकतं. कारागिराचं ते कसबच. भूमितीत मात्र त्याने डोळ्याचं समाधान होतं आणि प्रश्न मरतो.

आता हे बघा. सारख्याच लांबीच्या बाजूंचे सुसम पंचकोन आणि दशकोन घ्या. एका बिंदूभोवती दोन पंचकोन, एक दशकोन: 108, 108, 144. बेरीज बरोबर 360! मुलं खूश. मग म्हणा, याच दोन आकारांनी, बाजूला बाजू लावत, सगळी जमीन भरा. थोड्याच वेळात अडतं. मुलाला वाटतं, आपली कात्री वाकडी चालली.

कात्रीचा दोष नाही. या दोन कोनांची 360 ही बेरीज दुसऱ्या कुठल्याच रीतीने होत नाही. म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूवर हीच जुळणी हवी. मग एका पंचकोनाच्या कडेने फिरा: शेजारी आळीपाळीनेच येणार, पंचकोन, दशकोन, पंचकोन, दशकोन... आणि बाजू तर पाच! पाचवीवर पंचकोन येतो, पहिलीवरही तोच. बिघडलं.

कोनमापक इथे काही सांगत नाही. विचारच करावा लागतो. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात चौरस दुप्पट करायला गुलाम मुलगा बाजूच दुप्पट करतो, आणि सॉक्रेटिस त्याला चुकू देतो. आपण काय करतो? जुळणारेच तुकडे आधी कापून हातात देतो.

पंचकोन-दशकोनांशी झगडताना केप्लरलाही 1619च्या ग्रंथात दोन दशकोन एकमेकांत मिसळावे लागले; त्या जोडीला तो राक्षस म्हणाला. ती आकृती मुलांपुढे ठेवा. त्या दिवशी भिंतीवर लावण्याजोगं काही तयार नाही झालं, तर नाही झालं.