भुकेची सोयरीक

जॉन स्टाइनबेक ह्यांची 'दि ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. अवर्षण, धुळीचीं वादळें आणि कर्ज ह्यांनीं ओक्लाहोमांतील जमिनीवरून उखडलेलें 'जोड' नांवाचें कुटुंब मजुरीच्या आशेनें कॅलिफोर्नियाची वाट धरतें, एवढेंच तिचें कथानक. परंतु मजुरीच्या बाजाराचें जें दर्शन तींत घडतें, तें अर्थशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांत घडत नाहीं.

गरजेहून कितीतरी अधिक मजूर जाहिराती वांटून गोळा करावयाचे आणि भुकेल्यांकडूनच भुकेल्यांची मजुरी पाडावयाची, हें त्या बाजाराचें मर्म. पीचच्या बागेंत ह्या कुटुंबास पेटीमागें पांच सेंट मिळतात, ते बाहेर संप चालू आहे म्हणून. पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक केसी हा संपवाल्यांचा पुढारी मारला जातो आणि दर अडीच सेंटांवर येतो. ह्या दोन आंकड्यांमधील अंतरांत संघटनेचा सारा अर्थ सांठविलेला आहे. मधल्या प्रकरणांतील वक्तृत्वानें तो इतका ठसत नाहीं.

मात्र लेखकाच्या सहानुभूतीला एक कुंपण आहे. चिनी, जपानी, मेक्सिकन व फिलिपिनो मजुरांनीं ह्याच शेतांत घाम गाळला, हें तो ओझरतें सांगतो. पण कथेंत त्यांपैकीं एकालाहि चेहरा मिळत नाहीं. आपलीं पात्रें परकीं नव्हेत, कित्येक पिढ्यांचीं अमेरिकन आहेत, ह्यावर त्याचा भर. मग जो खरोखरच परका, त्याच्या हालांचें काय? 'मी'चा 'आम्ही' व्हावा असें सांगणारा हा ग्रंथ येथें थबकतो.

मजुरांनीं मात्र तें कुंपण ओलांडलें. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार-संबंध कायद्यानें शेतमजुरांस वगळलें होतें. ८ सप्टेंबर १९६५ रोजीं डिलानो येथील द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनीं लॅरी इट्लियाँग ह्यांच्या नेतृत्वाखालीं संप पुकारला. मेक्सिकन मजूर कामावर राहते, तर पीचच्या बागेचीच कथा पुन्हा घडती. परंतु सीझर चावेझ ह्यांच्या संघटनेनें १६ सप्टेंबरला संपांत उतरण्याचें ठरविलें, आणि १९७० सालीं मळेवाल्यांस करार करावे लागले.

कादंबरीच्या अखेरीस, मूल मृत जन्मल्यानंतर, रोझ ऑफ शॅरन एका अनोळखी उपाशी माणसाला आपलें दूध पाजते. हा प्रसंग कित्येकांस अतिरंजित वाटला. आमच्या मतें तोच ग्रंथाचा कळस होय. कारण तेथें नातें रक्ताचें नसून भुकेचें आहे. ही सोयरीक कुंपणापलीकडील मजुरांशींहि जोडली असती, तर हा थोर ग्रंथ अधिक थोर झाला असता.