तावदानावरील चरा

कांहीं रसिकांचा असा आग्रह असतो, कीं चित्रावरील तावदानांत चऱ्याचा मागमूसही राहूं नये. आग्रह सुसंस्कृत दिसतो. परंतु तो तपासून पाहिला पाहिजे.

काचेऐवजीं अ‍ॅक्रिलिकचें तावदान घालण्याची रीत आतां रूढ आहे. १९३३ मध्यें जर्मनींत ‘प्लेक्सिग्लास’ या नांवानें नोंदलेला हा पदार्थ काचेच्या सुमारें निम्म्या वजनाचा व सहसा न फुटणारा. पण अंगाचा मऊ. कोरड्या फडक्यानें पुसतांना धुळीचा कणच त्यावर चरा ओढतो.

बारीक चरा पॉलिशनें जातो खरा. मात्र तेथें भर पडत नाहीं. भोंवतालचा भाग झिजवून चऱ्याच्या तळाशीं आणला जातो. खोल चऱ्यावर हाच प्रयोग केल्यास खळगा पडतो आणि त्यांतून चित्रांतील सरळ रेषाही वांकडी दिसते. आवरणाचा दोष असा चित्राच्या माथीं बसतो! चकाकी मारणारा लेप असेल, तर पॉलिशबरोबर तोही जातो.

पेस्टल व कोळशाच्या चित्रांना याहून मोठा धोका आहे. घासल्यानें तावदानांत वीज सांठते व कागदावरील सुटे कण तिकडे ओढले जातात. म्हणून अशा चित्रांना काचच बरी.

तावदान चौकटींतून काढूनच दुरुस्त करावें. चरा खोल असल्यास तें बदलावें. नजरेंत न भरणारा चरा खुशाल राहूं द्यावा. तावदान दुसरें मिळतें, चित्र मिळत नाहीं. आवरणाच्या निर्मळपणासाठीं मूळ वस्तु पणास लावणें, ही रसिकता नव्हे.