नवा कंपायलर, जुन्या भिंती

जेंटू लिनक्सबद्दल बोलणारे दोनच सूर लावतात. एक, ‘दिवसभर कंपाइल होत बसतं, वेळ कुणाला आहे?’ दुसरा, ‘माझ्या मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम मी स्वतः बांधलाय.’ मी बरीच वर्षं दुसऱ्या सुरात बोलायचो. आता माझी तक्रार वेगळी आहे. जेंटू सुरक्षेची सगळी हत्यारं हातात देतं, पण ती खरंच लागू झाली की नाही हे सांगत नाही.

झालं असं, की मी सेटिंगच्या फाइलमध्ये हार्डनिंगचे फ्लॅग टाकले. स्टॅक प्रोटेक्टर फंक्शनच्या परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवतो. बफर ओसंडून तो आकडा बदलला, तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. फोर्टिफाय सोर्स कॉपी करणाऱ्या फंक्शनांना बफरचा आकार तपासायला लावतो. त्याची तिसरी पातळी २०२२च्या जीसीसी १२पासून मिळते. फ्लॅग टाकले, नेहमीसारखं अपडेट चालवलं आणि मित्रांच्या ग्रुपवर ऐटीत लिहिलं, ‘मशीन हार्डन केलं.’

काही महिन्यांनी सहज पोर्टेजच्या नोंदी चाळल्या. कुठलं पॅकेज कुठल्या फ्लॅगने बांधलं, हे पोर्टेज लिहून ठेवतं. बरीचशी पॅकेजं जुन्याच फ्लॅगांवर होती. कारण साधं आहे. यूज फ्लॅग बदलले तर अपडेटला सांगून ती पॅकेजं पुन्हा बांधून घेता येतात. पण सी-फ्लॅग बदलले किंवा कंपायलर बदलला, तर पोर्टेज आपणहून काहीच पुन्हा बांधत नाही. म्हणजे जिची नवी आवृत्ती क्वचितच येते, ती लायब्ररी वर्षानुवर्षं तशीच राहते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘जेंटू निर्णय तुमच्यावर सोडतं, सगळं पुन्हा बांधायची आज्ञा आहेच.’ मान्य. पण निर्णय घ्यायला आधी कळायला तर हवं! बिल्ड मोडणार असेल तेव्हा हीच व्यवस्था बोलते. २०१५मध्ये जीसीसी ५ने सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगची मांडणी बदलली, तेव्हा लिंकिंगच्या चुकांनी सगळे जागे झाले. २०१७मध्ये १७.० प्रोफाइलने पीआयई सर्वांना लागू केलं, तेव्हा पूर्ण सिस्टिम पुन्हा बांधा अशी सूचना आली, कारण जुन्या स्टॅटिक लायब्ररी जुळल्या नसत्या. जीसीसी १४ तर न सांगता वापरलेल्या फंक्शनवरच अडून बसतो. फक्त संरक्षण कमी पडत असेल, तेव्हा मात्र सगळं शांत.

दुसरा भ्रम त्याहून मोठा. मार्च २०२४मध्ये एक्सझेडमधलं मागचं दार उघडकीला आलं. ते चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, प्रकाशित टारबॉलमध्ये होती. आपणही तोच टारबॉल घेऊन कंपाइल करतो. जेंटूवाले वाचले, कारण ती स्क्रिप्ट डेब किंवा आरपीएमचा बिल्ड शोधत होती, आणि आपल्या एसएसएचडीला ती लायब्ररी जोडलेलीच नव्हती. यात आपल्या हातच्या कंपाइलिंगचं श्रेय शून्य. हार्डनिंगचाही इथे उपयोग नव्हता. ते चुकून राहिलेल्या खड्ड्यांसाठी आहे, मुद्दाम लिहिलेला कोड ते इमानदारीने बांधून देतं.

तरी मी जेंटू सोडलेलं नाही. जुना आणि नवा जीसीसी शेजारी शेजारी ठेवता येतात, फसलं तर मागे येता येतं. २०२४च्या २३.० प्रोफाइलने आणखी काही हार्डनिंग कंपायलरच्याच डिफॉल्टमध्ये घातलं, हे मला सगळ्यात योग्य वाटतं. माझ्यासारख्याने फाइलमध्ये ओळी चिकटवण्यापेक्षा ते कितीतरी भरवशाचं. आता अपडेटच्या शेवटी एक ओळ दिसावी: ‘इतकी पॅकेजं जुन्या फ्लॅगांवर आहेत.’ माहिती डिस्कवर आहेच.

मी शेवटी सगळं पुन्हा बांधलं. लॅपटॉप दोन रात्री तापत होता. ग्रुपवर जुन्या मेसेजखाली लिहिलं, ‘तेव्हा झालं नव्हतं. आज झालं.’