हृदयाची साक्ष

प्राचीन इजिप्तमध्ये मृताच्या छातीवर दगडी शेणकिडा ठेवण्याची चाल होती. तो हिरव्या कठीण पाषाणाचा असावा असे त्यांचे शास्त्र सांगे. त्याच्या सपाट पोटावर कोरलेल्या मंत्रास अभ्यासकांनी ‘मृतांचा ग्रंथ’ ह्या संग्रहात 30 ‘ब’ असा क्रमांक दिला आहे. संग्रहाचे हे भीषण नाव लेप्सियस ह्या जर्मन पंडिताने 1842 मध्ये रूढ केले; इजिप्तचे लोक त्यास दिवसा बाहेर येण्याचे मंत्र म्हणत. त्यांतील हा एक मंत्र आम्हांस, कायद्याच्या व्यवसायामुळे असेल, पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

प्रसंग न्यायसभेचा आहे. ओसायरिस अध्यक्षस्थानी, बेचाळीस देवता सभासद. तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्यदेवता मात हिचे पीस. अनुबिस काटा पाहतो, थोथ निकाल लिहितो, आणि मगरीच्या तोंडाची अम्मित हृदय गिळावयास टपून बसलेली असते. मृत एकेक पाप नाकारीत जातो. ही यादी, खरे सांगावयाचे तर, कंटाळवाणी आहे. परंतु तीत वजनमापात खोट केली नाही, मुलांच्या तोंडचे दूध काढले नाही, वाहत्या पाण्यास बांध घातला नाही, अशी अगदी घरगुती वाक्येही येतात. आणि मग शेणकिड्यावरचा मंत्र मृताच्या वतीने त्याच्याच हृदयास विनवितो, की माझ्याविरुद्ध साक्षीस उभे राहू नकोस, तराजूच्या रक्षकासमोर माझा वैरी होऊ नकोस.

अमेरिकन इतिहासकार ब्रेस्टेड ह्यांनी 1912 च्या आपल्या ग्रंथात ह्या मंत्रावर कठोर आरोप ठेवला. सदसद्विवेकाचा उदय प्रथम इजिप्तमध्ये झाला, आणि पुरोहितांच्या जादूने तोच आवाज दाबून टाकला, असे त्यांचे म्हणणे. साक्षीदार फितविणे हा गुन्हा आहे हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. तरीही हा आरोप शाबीत होत नाही असे आमचे मत आहे.

मंत्र कोणास उद्देशून आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ओसायरिसची खुशामत त्यात नाही. थोथास काही देऊ केलेले नाही. विनवणी आहे ती हृदयाची, आणि त्यास हाक मारली आहे ती ‘आईकडून मिळालेले’ म्हणून. ज्यास स्वतःच्या हृदयाचे भय वाटते, त्याचा विवेक मेला असे कसे म्हणावे? प्रेताचा मेंदू काढून फेकणारे हे लोक हृदय मात्र देहातच ठेवीत, कारण सर्व काही तेच जाणते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही साक्षीदारास बजावले आहे, की आपला आत्माच आपला साक्षी आहे. दोन्हीकडे साक्षीदार एकच. फरक इतकाच, की मनूने त्यास जागविले आणि इजिप्तच्या माणसाने त्यास हात जोडले.

लाच म्हणजे काय हे त्या लोकांस ठाऊक नव्हते असेही नव्हे. नवव्या रॅमसीसच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व 1110 च्या सुमारास, राजा सोबेकेमसाफ ह्याचे थडगे फोडणाऱ्या चोरांची चौकशी झाली. तिच्या दप्तराचा अर्धा भाग 1935 मध्ये ब्रुसेल्स येथे एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत सापडला. दुसरा न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. राजाच्या गळ्यातील ताईत व सोने ओरबाडून शवपेट्या जाळल्याची कबुली त्यात आहे. (ती छड्या मारून घेतली होती, आजच्या कोर्टात टिकली नसती.) आमेनपानुफेर नावाचा पाथरवट सांगतो, की पकडले गेल्यावर आपल्या वाट्याचे वीस देबेन सोने त्याने एका लेखनिकास दिले, सुटला, आणि साथीदारांनी पुन्हा वाटा काढून त्याची भरपाई केली. असा व्यवहार शेणकिड्यावरच्या मंत्रात कोठेही नाही. त्याच नावाच्या राजाचा असा एक शेणकिडा, हिरव्या जास्परचा, माणसाच्या चेहऱ्याचा, सोन्याच्या बैठकीत बसविलेला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या नावाचे राजे दोन झाले, म्हणून तो लुटलेल्याच राजाचा असे आम्ही म्हणत नाही.

ब्रेस्टेड ह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते दुसऱ्या ठिकाणी. पुढे हे मंत्र तयार मालाप्रमाणे विकले जाऊ लागले. ब्रिटिश म्युझियममधील अनीची सुप्रसिद्ध पोथी पाहावी: मजकूर आधीच लिहून ठेवलेला, आणि गिऱ्हाईक ठरल्यावर सोडलेल्या जागी त्याचे नाव भरलेले. आमच्याकडील छापील वकीलपत्राचीच ही तऱ्हा. इतरत्र तर नावाची जागा भरावयाचीही कोणास आठवण राहिली नाही. काही शेणकिड्यांवर मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सुबक कोरला आहे, आणि ज्याचे हृदय विनवावयाचे, त्याच्या नावापुरता दगड कोराच आहे.