नावात इंडिया, पेल्यात काय?

या पानावर आम्ही आजवर पुस्तकांची परीक्षणे लिहिली, नाटकांची लिहिली, एकदा कीर्तनाच्या ध्वनिफितीचेही लिहिले. बिअरचे परीक्षण लिहिण्याची वेळ मात्र प्रथमच आली आहे. वाचकांनी नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की रव्व पापा हे तालमुदातले थोर पंडित बिअर बनवण्याचाच धंदा करीत, आणि त्या धंद्यानेच आपल्याला बरकत आली असे ते स्वतः सांगत. तेव्हा विषय अगदीच पाखंडी नाही.

झाले असे, की पेसाह संपला, हमेत्झ घरात परत आला, आणि त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाचा नातू दोन बाटल्या घेऊन हजर झाला. लष्करातून सुटून तो भारतात फिरून आला होता. मनाली पाहिली, गोवा पाहिला. आजोबांचे पेण मात्र राहून गेले. बाटल्या टेबलावर ठेवीत तो म्हणाला, "सबा, तुझ्या देशाची बिअर आणली आहे." बाटली होती आपल्याच एमेक हेफरमधल्या अलेक्झांडर कारखान्याची, नाव 'ग्रीन', आणि प्रकार 'इंडिया पेल एल'. पोराने 'इंडिया' हा शब्द वाचला आणि त्याला आजोबा आठवले, यात त्याचे कौतुकच आहे. पण त्या शब्दाने आम्हाला विचारात पाडले.

अश्दोदच्या गच्चीत संध्याकाळी आम्ही चौघे बसलो: पेणवाले, अलिबागवाले, परळच्या निवृत्त नर्सबाई आणि प्रस्तुत मास्तर. आमची पात्रता काय, हे आधीच कबूल केलेले बरे. आमच्या जिभा किद्दुशच्या मनुकांच्या सरबतावर वाढल्या. आमच्या बालपणी मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याची दारूबंदी होती, त्यामुळे बिअर ही वस्तू सिनेमात दिसे. इथे आल्यावर गोल्डस्टार आणि मक्काबी कळल्या. अशा चार जणांचा हा अभिप्राय आहे, त्याला तेवढेच वजन द्यावे. नियम मात्र एक ठरवला: आधी चाखायचे, लेबलाची चर्चा नंतर.

बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटे तशीच ठेवली. बर्फासारखी थंड असली की जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. मग काचेचा पेला तिरपा धरून हळूहळू ओतली. रंग कोऱ्या चहात थोडे पाणी वाढवल्यावर येतो तसा, तांबूस सोनेरी, किंचित गढूळ. फेस उसाच्या रसावर येतो तसा, पण लगेच न बसणारा. पेल्याच्या कडेला चिकटून राहणारा.

वास ही या बिअरची खरी श्रीमंती. पहिल्यांदा नाकात शिरते ते एश्कोलीत. ते सोलताना सालीतले तेल नखाखाली जाते आणि दुपारभर बोटांना वास राहतो, तोच हा वास. मागाहून थोडी राळ, पावसानंतर ओरेनच्या झाडांखालून गेल्यासारखी. नर्सबाईंना त्यात पिकल्या पपनसाचा भास झाला. यात फळ मुळीच घातलेले नाही असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. हा सगळा गंध हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची पोपटी फुले, एकावर एक खवले असलेली, छोट्या कणसासारखी. ती उकळत्या रसात आधी घातली तर कडूपणा देतात, शेवटी घातली तर वास देतात.

आता चव. पहिला घोट गोडसर लागतो, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. तो माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा गुण. त्यामागून कडूपणा येतो आणि तो मुक्कामाला राहतो. आपल्या भाषेत कडूचे पुष्कळ प्रकार आहेत, म्हणून नेमके सांगतो. हा कारल्याचा कडू नव्हे, मेथीचाही नव्हे. संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा, शेवटी सुपारीसारखा किंचित तुरट. अलिबागवाल्यांनी घोट गिळला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "हे तर किराइत!" लहानपणी तापात आजीने नाक दाबून पाजलेला काढा त्यांना आठवला. आम्ही हसलो, पण गंमत अशी की दुसरा पेला त्यांनीच मागितला. पहिल्या घोटाला जीभ दचकते, तिसऱ्याला सरावते, आणि मग साधी बिअर पाणचट वाटू लागते. गुण म्हणा किंवा खोड म्हणा, ही या प्रकाराची जात आहे.

ही बिअर झणझणीत जेवणाबरोबर उत्तम लागते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही करून पाहिले. लाल मसाल्याची तळलेली मासळी घेतली तर तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात, आणि शेवटी दोन्हींची चव हरवते. खारे शेंगदाणे, कमी तिखटाच्या चकल्या, लिंबू पिळलेली साधी तळलेली मासळी यांच्याबरोबर मात्र ती खुलते. सगळ्यांत चांगली जमली ती नारळाच्या दुधातल्या मासळीच्या कढीबरोबर. नारळ कडूपणाची धार बोथट करतो.

आता लेबलाकडे वळू. या बिअरला इंडियाचे नाव कशासाठी? नेहमी सांगतात ती गोष्ट अशी: इंग्लंडहून भारताला जहाजाने जायला चार-सहा महिने लागत, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे, साधी बिअर नासे, म्हणून कोणा हुशार माणसाने जास्त हॉप्स घालून, जास्त कडक अशी नवी बिअर शोधून काढली. गोष्ट छान आहे, पण पुरती खरी नाही. उष्ण देशाला पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे अठराव्या शतकातल्या कारागिरांना आधीच ठाऊक होते. काळी पोर्टर बिअरही तोच प्रवास करून धडधाकट पोचत असे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्याचे नाव झाले ते शोधामुळे नव्हे, धंद्यामुळे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता, आणि जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. पुढे हॉजसन मंडळींनी भाव वाढवले, कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवू लागले, तेव्हा 1822 च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसपने हा धंदा उचलला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उमटतो. ती बिअर सरस ठरली.

ती कोण पीत होते? गोरे अंमलदार आणि मुलकी साहेब. गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुधा पोर्टर येई. आपल्या पूर्वजांपैकी किती तरी जण त्याच कंपनीच्या मुंबई फौजेत होते, काही सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. पण ही बिअर त्यांच्यासाठी बनवलेली नव्हती. ती भारतात जात असे, भारताची नव्हती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव जाहिरातीत दिसते तेही 1829 साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या वर्तमानपत्रात! खुद्द भारतात, कसौलीला, एडवर्ड डायरच्या कारखान्यात बिअर बनत असे, तिचे नाव 'लायन'. (याच डायरच्या मुलाने 1919 साली जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम दिला.) म्हणजे भारतात बनलेल्या बिअरला सिंहाचे नाव आणि इंग्लंडात बनलेल्या बिअरला भारताचे.

पुढे इंग्लंडातही ही बिअर मिळमिळीत होत गेली. तिला पुन्हा जोम आला तो अमेरिकेत. 1975 साली सान फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 'लिबर्टी एल' काढली, तिच्यात कॅस्केड नावाचे अमेरिकन हॉप्स होते. एश्कोलीतचा हा वास त्या वाटेने आला आहे. आमच्या पेल्यातल्या बिअरचा हिशेब असा लागला: नाव इंडियाचे, रीत इंग्लंडची, वास अमेरिकेचा, पाणी इस्राएलचे.

हे ऐकून पेणवाले म्हणाले, "मग टर्कीचे काय?" बरोबर आहे. पक्षी अमेरिकेचा आणि हिब्रूत त्याला म्हणतात 'तर्नेगोल होदू'. होदूचे नाव जगाने कशाकशाला लावले, आणि खरोखर होदूहून आलेल्या आपल्याला मात्र कागद मागितले. 1962 साली रब्बीनेटने लग्नासाठी बेने इस्राएलांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला, आणि 1964 साली आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली. अखेर त्याच वर्षी ऑगस्टात कनेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. लेबल वाचून निकाल देणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच आम्ही आधी चाखण्याचा नियम केला होता.

पण याची दुसरी बाजूही त्या संध्याकाळी निघाली. कोकणात आपल्या वाडवडिलांना पेसाह हे नाव ठाऊक नव्हते. ते त्याला 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. घरात आंबट पाण्याचे एक मडके असे, चटणीसारखे जेवणात घेत. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. नाव हरवले, हिब्रू हरवली, पुस्तक हाताशी नव्हते, तरी आंबवलेल्या वस्तूपासून दूर राहायचे एवढे हातांनी लक्षात ठेवले. या बिअरचे नेमके उलटे झाले आहे. तिच्याकडे नाव शिल्लक आहे, इंडिया शिल्लक नाही.

नातू ऐकत होता. त्याने विचारले, "सबा, त्या मडक्यात काय घालत असत?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. चौघांच्याही आज्या ते नाव घेत, पण मडके आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. आज पेसाहचे नाव आमच्याकडे बिनचूक आहे, हगादा छापील आहे, मडके मात्र नाही. तेव्हा त्या बाटलीला फार हसण्याचा अधिकार आम्हालाही उरलेला नाही.

मास्तरांची खोड म्हणून गुण देतो. प्रत्येकी दहापैकी रंग आणि फेस 8, वास 9, चव 7, शेवटची तुरट छटा 5. ती थोडी कमी असती तर बरे झाले असते. नावाला 2, तेही नातवाला आजोबांची आठवण करून दिल्याबद्दल. एकूण 50 पैकी 31. पहिला वर्ग, पण शेरा असा: 'उत्तर चांगले, प्रश्न चुकीचा लिहून घेतला.'

घ्यायची असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हिच्यात मद्यार्क नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त, 6 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून एक बाटली दोघांत पुरे. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. ही आमच्या नर्सबाईंची ताकीद आहे. आणि पिण्याआधी 'शेहाकोल' म्हणावे. द्राक्षारसाच्या बराखात वेलीच्या फळाचे नाव येते. बिअरच्या बराखात जवाचे नाही, हॉप्सचे नाही, कुठल्या देशाचेही नाही. सगळे त्याच्या शब्दाने झाले, एवढेच आपण म्हणतो.

शेवटी एक विनंती. अनाशीच्या मडक्यात काय घालत, किती दिवस ठेवत, सणानंतर पहिल्यांदा कोण उघडत असे, हे कोणा वाचकाच्या घरी अजून ठाऊक असेल तर चार ओळी लिहून संपादकांकडे पाठवाव्यात. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, नातवाला सांगून लिहवून घ्या. पुढच्या पेसाहच्या आत आम्ही ते करून पाहू, आणि याच पानावर त्याचेही परीक्षण लिहू.