एस्तेबानची गाळलेली वर्षे

क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. ती भोगलेले आणि उसाच्या मळ्यातून पळून रानात राहिलेले एस्तेबान मोंतेहो १९६३ साली शंभरी ओलांडून हयात होते. मिगेल बार्नेत यांनी त्यांना बोलते केले आणि १९६६ मध्ये ‘सिमारोनचे चरित्र’ सिद्ध झाले. सिमारोन म्हणजे पळालेला गुलाम.

बराकीतल्या पिसवा, रानातली वटवाघळांची गुहा, चोरून आणलेले डुकराचे पिल्लू, कोणाशी अवाक्षर न बोलता काढलेला काळ हे सारे आम्हांस इतिहासग्रंथांहून मोलाचे वाटले. त्या एकान्ताविषयी एस्तेबान जवळजवळ सुखाने बोलतात.

शीर्षकात ‘चरित्र’ असले तरी निवेदन ‘मी’चे आहे. कथन जसेच्या तसे उतरवले असते तर पुनरुक्ती झाली असती, असे बार्नेत प्रस्तावनेत सांगतात. जुळणीला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पुस्तक जिथे थांबते त्याला. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात एस्तेबान कोयता घेऊन लढले. ते युद्ध १८९८ साली संपते आणि थोड्याच पानांत पुस्तकही आटोपते. त्यानंतरची साठांहून अधिक वर्षे कोठे गेली? १९१२ साली कृष्णवर्णीयांच्या पक्षाचा उठाव चिरडताना स्वतंत्र क्यूबाच्या सैन्याने हजारो माणसे मारली. स्वातंत्र्ययुद्धातले जुने सैनिकही त्या पक्षात होते, म्हणजे एस्तेबानचेच सोबती. त्या हत्याकांडाविषयी पुस्तकातला हा एरवी इतका बोलका म्हातारा गप्प आहे, आणि ते मौन त्याचे आहे असे आम्हांस वाटत नाही.