मुखप्रक्षालनाची चिनी घडवंची : एका वर्गीकरणाचा विचार

चिनी लाकडी गृहसामानाच्या अभ्यासात गुस्ताव एके यांचा १९४४ मधील आणि वांग शिश्यांग यांचा १९८५ मधील ग्रंथ प्रमाणभूत मानले जातात. वांग यांनी मिंग शैलीच्या सामानाचे पाच वर्ग कल्पिले : आसने, मेजे, पलंग, कपाटे आणि 'इतर'. तोंड धुण्याचे तस्त ठेवावयाची कोरीव घडवंची या शेवटच्या वर्गात पडते. हे वर्गीकरण सोयीचे खरे. तथापि त्यामुळे वस्तूचे मर्म झाकले जाते, असे आम्हांस वाटते.

या घडवंचीच्या उंच प्रकारास सहा पाय असतात. पुढील चार आखूड. मागील दोन वर वाढून अंगपुसणे टाकावयाची आडवी दांडी पेलतात. पुढील पायांची टोके कधी कमळाच्या वा सिंहाच्या आकाराची असली, तरी मुख्य कोरीवकाम तस्ताच्या वर, मधल्या पाटीवर व दांडीच्या वळलेल्या टोकांवर असते. पाणी उडते तेथे लाकूड बहुतांशी साधे, नजर जाते तेथे नक्षी. अलंकरण येथे उपयोगाची मर्यादा पाळते. लाकूडही आपणांस परके नाही : चिनी 'ह्वांगह्वाली' आणि आपला शिसव एकाच कुळातील वृक्ष होत.

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांसही घडवंची ठाऊक होती. परंतु ती पिण्याच्या पाण्याच्या हंड्या-घागरींसाठी. हातपाय धुण्यासाठी असे कोरीव सामान घडले नाही. याचे कारण कारागिरीच्या उणिवेत शोधणे अनुचित होय. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांचे कोरीव खांब व चौकटी त्याची साक्ष देतात. भेद पाण्याविषयीच्या कल्पनेत आहे. चिनी रीतीत तस्तात साठविलेल्या पाण्याने तोंड धुतात. आपल्याकडे तांब्याने पाणी ओतून घेतात. अंगावरून गेलेले पाणी पुन्हा हाती घेणे अशुचि मानले जाते. साठलेल्या पाण्यास आधार लागतो; वाहत्या पाण्यास न्हाणीतील दगड आणि उतार पुरतो.

म्हणून अशा वस्तूंची परीक्षा केवळ आकारावरून वा नक्षीवरून करणे अपुरे आहे. घरोघर नळ आले आणि घडवंच्या अडगळीत गेल्या. त्यांची नोंद घेणाऱ्या अभ्यासकाने लांबी, रुंदी व लाकूड यांबरोबरच पाणी कोठून येई, कोण भरी आणि ते कोठे जाई, हेही टिपले पाहिजे. हे सांगू शकणारी वृद्ध माणसे आज विरळ होत आहेत. ही माहिती गेली, तर आपली घडवंचीही उद्याच्या सूचीत 'इतर' एवढ्याच नावाने उरेल.